डोळस आग

माझ्या खालाच्या पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, तीन डाग आहेत. प्रत्येक डाग साधारण चिंचोक्याएवढा. ती तीन-चार वर्षांची असताना तिचे पोट सारखे फुगत असे. गावात डॉक्टर नव्हता. एका जाणत्या म्हाताऱ्याने विळ्याचे टोक चुलीत लाल होईपर्यंत तापवले आणि आईने मांडीवर घट्ट धरून ठेवलेल्या त्या पोरीच्या पोटाला तीनदा टेकवले. पोटफुगी गेली की नाही, हे आता कुणालाच सांगता येत नाही. डाग मात्र पंच्याहत्तर वर्षे राहिले.

ते डाग मला नव्याने दिसले काही वर्षांपूर्वी, एका इस्पितळात. खालाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. नेहमीच्या तपासणीत सीटी स्कॅनवर उजव्या फुप्फुसात दीड सेंटिमीटरची एक गाठ दिसली. सुईने तुकडा काढून तपासला. आतड्यातल्या जुन्या रोगाचेच ते पिल्लू निघाले. हृदय दुबळे, दमही कमी. छाती उघडून केलेले ऑपरेशन तिला सोसणार नाही, असे सर्जननी स्पष्ट सांगितले. मग एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे शरीराच्या आतले चित्र पाहत पाहत उपचार करणाऱ्या. तपासताना त्यांना पोटावरचे डाग दिसले. त्यांनी विचारले, "आजी, हे कशाचे?" खालाने सांगितले. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, आम्हीही तुम्हाला डागच देणार आहोत. फक्त आतून, आणि बघून."

त्या गेल्यावर खाला मला म्हणाली, "एवढं शिकून परत विळाच का रे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे वाचले, ते आज आपल्यापुढे मांडतो आहे. मी वैद्यकातला माणूस नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शब्दाचे बोट धरूनच मी या विषयात शिरलो.

फारसीत 'दाग' म्हणजे भाजल्याची खूण. आपल्या मराठीत 'डाग' म्हणजे भाजल्याची खूण, कपड्यावरचा ठिपका, चारित्र्यावरचा कलंक आणि सोन्याचा दागिनासुद्धा. एकाच शब्दात भाषेने जखमही ठेवली आणि अलंकारही. अरबीत डागण्याला 'कय्य' म्हणतात. 'शेवटचा इलाज म्हणजे कय्य' अशी त्या भाषेत एक जुनी म्हण आहे. 'दवा' आणि 'इलाज' हे दोन शब्द आपण मराठीत रोज वापरतो, ते अरबीतूनच आलेले. तिसरा शब्द तेवढा आपल्याकडे आला नाही. पण ते काम करणारी माणसे आपल्याकडेही होतीच.

आगीने रोग जाळण्याची कल्पना माणसाच्या जुन्यात जुन्या वैद्यकात सापडते. इजिप्तमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक पपायरस मिळाला. त्याला 'एडविन स्मिथ पपायरस' म्हणतात. त्यात छातीवरच्या गाठी तापलेल्या अवजाराने डागण्याचा उल्लेख आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत उपचारांची एक उतरंडच सांगितली आहे. आधी औषध, ते हरले की लोखंड म्हणजे शस्त्र, तेही हरले की आग. आगीनेही जे बरे होणार नाही, ते असाध्य समजावे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय 'अग्निकर्मविधी'चा आहे. तो वाचताना मी चकित झालो. कातडी डागायची तर कशाने, मांस डागायचे तर कशाने, शिरा, सांधे आणि हाडे यांसाठी काय वापरायचे, हे सगळे तिथे वेगवेगळे दिले आहे. पिंपळी, शेळीच्या लेंड्या, गाईचा दात, लोखंडी शलाका, मध, गूळ, तेल-तूप. प्रत्येक वस्तू उष्णता किती वेळ धरून ठेवते आणि किती खोल नेते, याचा विचार त्यामागे दिसतो. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक दग्ध आणि अतिदग्ध. म्हणजे नुसते होरपळणे, अर्धवट भाजणे, नेमके भाजणे आणि फाजील भाजणे. वैद्याला साधायचे असते ते तिसरे, 'सम्यक दग्ध'. हा शब्द कृपया लक्षात ठेवा. पुढे विसाव्या शतकातल्या प्रयोगशाळेत आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे, अर्थात वेगळ्या वेषात.

याच अध्यायात कुणाला डागू नये याचीही यादी आहे. त्यात दुबळी माणसे आहेत, भित्री माणसे आहेत, म्हातारी आहेत आणि लहान मुले आहेत. म्हणजे माझ्या खालाच्या पोटाला विळा लावणाऱ्याने परंपरेचे नाव घेतले असेल, पण परंपरेतल्या शहाण्या माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वीच मनाई करून ठेवली होती. आणि हे जुन्या काळापुरते राहिले असते तर बरे होते. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या २०२५ सालीही वर्तमानपत्रांत आल्या.

आता कोर्दोब्याला जाऊ. दहाव्या शतकातला मुस्लिम स्पेन. तिथे अबुल कासिम अल-जहरावी नावाचा हकीम होऊन गेला. युरोपने त्याला 'अबुलकासिस' म्हटले. इसवी सन १००० च्या सुमारास त्याने 'किताब अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे अवजारांच्या आकृत्या आहेत आणि त्याची सुरुवातच डागण्याच्या प्रकरणाने होते. डोक्यापासून पायापर्यंत कुठे, कोणत्या आकाराच्या सळईने, किती डागावे हे त्यात आहे. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये जेरार्ड ऑफ क्रेमोनाने त्याचे लॅटिन भाषांतर केले आणि मग युरोपचे सर्जन कित्येक शतके तो अभ्यासत राहिले.

अल-जहरावीच्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. त्याच्या आधीचे काही वैद्य सोन्याच्या सळईने डागावे असे म्हणत. सोने श्रेष्ठ धातू, म्हणून डागही श्रेष्ठ! हा म्हणतो, लोखंडच बरे. कारण सोन्याचा रंगच असा की ते नेमके किती तापले हे डोळ्यांना कळत नाही. म्हणजे प्रश्न धातूच्या प्रतिष्ठेचा नाही. आग किती आहे ते दिसले पाहिजे, हा आहे. दुसरी गोष्ट त्या म्हणीची. 'शेवटचा इलाज म्हणजे डाग' याचा अर्थ लोक असा घेत की एकदा डागले की पुढे कसलाच उपचार उरत नाही. हा म्हणतो, तसे नव्हे. इतर उपाय करून पाहिले आणि ते चालले नाहीत, तरच डागाकडे वळावे, एवढाच त्याचा अर्थ. आणि कर्करोगाबद्दल तो प्रामाणिक आहे. गाठ लहान असेल, पुरी काढता येत असेल, तर काढून भोवती डाग द्यावा. जुनी, मोठी झाली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अशी एकही आपल्याला बरी करता आली नाही, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

या सगळ्या थोर माणसांची अडचण एकच होती. आग त्यांच्या हातात होती, पण नजर कातडीपाशी अडत होती. आत काय आहे, कुठवर भाजले, कुठे थांबायचे, हे दिसण्याचा मार्ग नव्हता. आंधळ्या आगीचा अतिरेक व्हायला मग वेळ लागत नाही. सोळाव्या शतकात बंदुकीच्या जखमांत उकळते तेल ओतण्याची पद्धत युरोपात होती. १५३० च्या दशकात तोरिनोच्या स्वारीत आम्ब्रुआझ पारे या तरुण फ्रेंच सर्जनकडचे तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो लेपवाले शिपाई आरामात होते आणि तेलवाले तापाने, सुजेने तळमळत होते. आग कमी केल्यानेही माणूस बरा होतो, हे त्या सकाळी वैद्यकाला कळले.

फुप्फुसापर्यंत आग पोहोचायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत सेंट लुइसला एव्हार्ट्स ग्रॅहॅम नावाचे सर्जन होते. फुप्फुसात वर्षानुवर्षे पू साठून कुजत असलेल्या रुग्णांवर त्या काळी केलेल्या शस्त्रक्रिया फार जीवघेण्या ठरत. ग्रॅहॅम यांनी छाती उघडून तापलेल्या लोखंडाने फुप्फुसाचा तो सडका भाग टप्प्याटप्प्याने जाळून काढायला सुरुवात केली. १९२३ साली त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही फुप्फुसाला डाग देत होते. पण त्यासाठी आधी छाती उघडावी लागत होती.

याच ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी कर्करोग झालेले एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. रुग्ण स्वतः पिट्सबर्गचा डॉक्टर होता. तो पुढे तीस वर्षे जगला. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्र चालते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. १९५० साली ग्रॅहॅम यांनी अर्न्स्ट वाइंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा प्रसिद्ध अभ्यास छापला. स्वतः ग्रॅहॅम यांनी सिगारेट ओढण्यात आयुष्य घालवले होते. १९५७ साली ते फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. त्यांचा तो रुग्ण त्यांच्यामागे सहा वर्षे होता.

आता आगीचा वेष कसा बदलला ते पाहू. १८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये आर्सेन दार्सोनव्हाल या शास्त्रज्ञाने दाखवले, की विजेचा प्रवाह सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा हेलकावत असेल, तर तो शरीरातून जाताना स्नायूंना झटके देत नाही. फक्त ऊब निर्माण करतो. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणून ती झटका देते, जीव घेते. तीच वीज लाखो वेळा हेलकावू लागली की ती झटका देण्याऐवजी तापवू लागते. हा शोध म्हणजे विळ्याविना डाग.

हार्वर्डमध्ये विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाने असे उपकरण बनवले. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळात मेंदूचे नामवंत सर्जन हार्वी कुशिंग यांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी ते प्रथम वापरले. डोक्यावरची एक रक्ताने भरलेली गाठ त्यांनी काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडली होती. या वेळी ती विजेच्या आगीने रक्त थांबवत थांबवत काढता आली. बोव्हीने आपले पेटंट एका डॉलरला विकले, असे सांगतात. आज जगातल्या बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये त्या यंत्राची नातवंडे-पतवंडे रोज काम करतात.

आग सुधारली. नजर अजून यायची होती. १८९५ च्या ८ नोव्हेंबरला रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले तेव्हा तिचा पहिला किरण आला. पण क्ष-किरणाच्या चित्रात पुढची बरगडी आणि मागची बरगडी, हृदय आणि त्यामागची गाठ, सगळे एकावर एक पडलेले. आल्बममधले फोटो काचेसारखे पारदर्शक करून एकावर एक ठेवावेत, तसे. सुई नेमकी किती खोल न्यायची, हे त्यावरून ठरवता येत नव्हते.

ती अडचण सोडवली गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने. शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची नेहमीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत ते नोकरीला होते. शरीराभोवती फिरत अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे आणि मिळालेले आकडे गणकयंत्राकडून जुळवून शरीराचा एक आडवा काप, जणू काकडीची चकती, चित्रात उभा करायचा, ही त्यांची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा असा स्कॅन झाला. योगायोग पाहा, कुशिंगने विजेची आग हातात घेतली तीही १ ऑक्टोबरलाच, बरोबर पंचेचाळीस वर्षे आधी. १९७९ साली हाउन्सफील्ड यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर सीटीच्या चित्रावर बघून छाती-पोटातल्या गाठीत सुई नेऊन तुकडा काढणेही सुरू झाले होते.

आता दोन्ही गोष्टी तयार होत्या, आग आणि नजर. त्यांचे लग्न लागले १९९० साली, तेही दोन मांडवांत. अमेरिकेत मॅकगेहन आणि इटलीत रॉस्सी यांच्या गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जनावरांच्या यकृतात बारीक सुई घालून तिच्या टोकाशी रेडिओलहरींच्या प्रवाहाने ठरावीक आकाराचा गोळा भाजून दाखवला. रॉस्सींच्या प्रयोगातली कंपनसंख्या होती ४८० किलोहर्ट्झ. श्रोतेहो, ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना मिडियम वेव्हची पट्टी आठवत असेल. ती साधारण ५३० किलोहर्ट्झला सुरू व्हायची. म्हणजे काटा डाव्या टोकाला नेऊन आणखी थोडा पलीकडे सरकवता आला असता, तर ही उपचाराची लहर तिथे होती. ज्या कुळातल्या लहरींनी आपल्या घरात गाणी आणली, बातम्या आणल्या, त्याच कुळातली ही एक. तिला 'रेडिओफ्रीक्वेन्सी अॅब्लेशन' म्हणतात.

यकृताच्या मानाने फुप्फुस अवघड. ते सतत हलते, हवेने भरलेले असते, सुई टोचली की फुग्यासारखे बसण्याची भीती. १९९५ साली बॉस्टनमध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी सशांच्या फुप्फुसांवर प्रयोग केले आणि एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. ज्या हवेची भीती होती, तीच हवा मदतीला धावली. गाठ भरीव असते आणि तिच्याभोवती हवेचे अस्तर. हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही, म्हणून उष्णता गाठीतच कोंडून राहते. भट्टीची भिंत उष्णता आत धरून ठेवते, तसेच. उलट गाठीला लागून तीन मिलिमीटरहून मोठी रक्तवाहिनी असेल, तर वाहते रक्त उष्णता घेऊन जाते आणि त्या कडेला रोग जिवंत राहू शकतो. नदीकाठी पेटवलेल्या शेकोटीची एक बाजू थंड राहते, तसे म्हणा.

२००० साली अमेरिकेत डेमियन डुपुई आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांच्या फुप्फुसातल्या गाठी अशा भाजल्याचा वृत्तांत छापला. तिथून हा उपचार जगभर गेला.

आता सुश्रुताच्या 'सम्यक दग्ध' या शब्दाकडे परत या. पेशी सुमारे पन्नास अंश सेल्सियसला काही मिनिटांत मरतात. साठ अंशांच्या वर गेल्या की जवळपास तत्क्षणी. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर गोठतो, तशी त्यांतली प्रथिने गोठतात. पण तापमान शंभरापलीकडे गेले की पाण्याची वाफ होते, सुईभोवतीचा भाग कोळशासारखा करपतो, करपलेल्या थरातून प्रवाह पुढे जात नाही आणि गाठीची बाहेरची कड कच्ची राहते. म्हणजे आग जास्त झाली तर उपचार कमी होतो! म्हणून काही सुयांच्या पोटातून सतत गार पाणी खेळवतात. आगीच्या सुईत गार पाणी. साठ आणि शंभर यांच्यामधली ही जागा म्हणजेच सम्यक दग्ध. त्याखाली दुर्दग्ध, त्यावर अतिदग्ध. सुश्रुताकडे तापमापक नव्हता, पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता.

खालाला टेबलावर घेतले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला काचेपलीकडच्या खोलीत बसू दिले. खालाला भूल दिलेली. मांड्यांना प्रवाह परत नेणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. पडद्यावर छातीचा आडवा काप. काळ्या फुप्फुसात पांढरा ठिपका, अमावास्येच्या आभाळात एकच तारा असावा तसा. सुई थोडी आत, पुन्हा चित्र. आणखी थोडी आत, पुन्हा चित्र. पांढरी रेघ पांढऱ्या ठिपक्यात शिरली तेव्हा बाई थांबल्या, वरून, खालून, बाजूने सगळ्या कापांत तपासले आणि मग प्रवाह सुरू केला. बारा मिनिटे. हळूहळू ठिपक्याभोवती धुक्यासारखे एक कडे उमटले. बाई म्हणाल्या, "हे कडे गाठीच्या पलीकडे चहूबाजूंनी निदान पाच मिलिमीटर दिसायला हवे. तसे दिसले, म्हणजे डाग पुरता बसला." सुई दीड मिलिमीटर जाडीची. बाहेर राहिलेली खूण मोहरीएवढी.

सगळे सुखरूप झाले असे मात्र नाही. त्याच संध्याकाळी खालाच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली. धाप लागली. नळी घालून तीन दिवस ठेवावी लागली. हा धोका बाईंनी आधीच सांगितला होता, आणि तो विरळ नाही. २००८ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या सात केंद्रांचा एक अभ्यास छापला गेला. १०६ रुग्ण, १८३ गाठी, प्रत्येक साडेतीन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान. छातीत साठलेली हवा काढावी लागण्याचे प्रसंग त्यात २७ होते. पण ज्यांची तपासणी पुरी करता आली त्यांच्यापैकी ८८ टक्के रुग्णांत भाजलेल्या गाठी निदान वर्षभर पूर्ण निकामी राहिल्या. खालासारख्या, आतड्यातून फुप्फुसात गेलेल्या रोगाच्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी ६६ टक्के हयात होते. पुढे २०१५ साली फ्रान्समधून ५६६ रुग्ण आणि १०३७ गाठींचा मोठा अहवाल आला. या रुग्णांच्याही गाठी दुसऱ्या अवयवांतून फुप्फुसात आलेल्या होत्या. त्यात निम्म्या रुग्णांचे आयुष्य ६२ महिन्यांच्या पुढे गेल्याचे दिसले.

हे आकडे ऐकून कुणी 'कर्करोगावर रामबाण सुई' असा अर्थ काढू नये. हा उपचार लहान आणि मोजक्या गाठींसाठी आहे. तीन सेंटिमीटरच्या वर गाठ गेली की यश झपाट्याने कमी होते. हृदयाला किंवा मोठ्या श्वासनलिकेला चिकटलेल्या गाठीत सुई न्यायची की नाही, याचा दहा वेळा विचार करावा लागतो. फुप्फुसाचा मूळचा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला आणि माणूस धडधाकट असला, तर आजही शस्त्रक्रियेलाच पहिला मान आहे. ती झेपत नसेल तर नेमके लक्ष्य साधणारे किरणोपचार. तेही जमण्यासारखे नसेल, किंवा त्यानंतर रोग परत आला असेल, तर ही सुई. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २००७-०८ मध्ये काही मृत्यूंचा उल्लेख करून डॉक्टरांना सावध केले होते, की ही उपकरणे फुप्फुसाच्या गाठींसाठी म्हणून खास मंजूर झालेली नाहीत; रुग्ण नीट निवडा, उपचारानंतर नीट लक्ष ठेवा. आज रेडिओलहरींच्या जोडीला मायक्रोवेव्हच्या सुया आल्या आहेत, त्यांतल्या काहींची कंपनसंख्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीचीच, २४५० मेगाहर्ट्झ. गोठवून मारणाऱ्या सुयाही आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या आपल्या मोठ्या केंद्रांत हे उपचार होतात. पण तालुक्याच्या गावापासून त्या टेबलापर्यंतचे अंतर अजून फार लांब आहे. आणि ज्या घरात विळा तापवला जातो, तिथून तर ते मोजताच येत नाही.

अल-जहरावीने हजार वर्षांपूर्वी लिहिलेली गोष्ट आजही जशीच्या तशी लागू आहे, याचे मला राहून राहून नवल वाटते. लहान असेल, पुरी हाती येत असेल तरच. आणि इतर वाटा तपासून झाल्यावर. त्याची इच्छा आणि आजच्या बाईंची इच्छा एकच. मधल्या हजार वर्षांत बदलली ती नजर. आग माणसाकडे आदिमानवाच्या काळापासून होती. कुठे लावायची, किती लावायची आणि कधी विझवायची, हे कळायला माणसाला इतकी शतके लागली. आणि हे फक्त वैद्यकाबद्दल मी बोलत नाही, हे आपल्याही ध्यानात आले असेल. गावागावांत आणि मनामनांत आग लावणारे हात सगळ्या काळात भरपूर असतात. बघून, मोजून, वेळेवर थांबणारे थोडे.

उपचारानंतर महिन्याने स्कॅन झाला तेव्हा मी घाबरलो. पडद्यावरचा पांढरा ठिपका आधीपेक्षा मोठा दिसत होता! बाई म्हणाल्या, "घाबरू नका. आता दिसतो आहे तो रोग नाही, भाजलेली जागा आहे. ती आधी गाठीपेक्षा मोठीच दिसते, मग वर्षभरात आक्रसत जाते." तसेच झाले. आज तिथे एक बारीक रेघोटी उरली आहे. खाला ऐंशी ओलांडून गेली आहे. दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्याच्या आदल्या रात्री घरात कुणाला धड झोप लागत नाही. 'बरी झाली' हा शब्द बाईंनी आजवर एकदाही वापरलेला नाही. त्या एवढेच म्हणतात, "या वेळचे चित्र चांगले आहे."

गेल्या खेपेला त्यांनी खालाला पडद्यावर ती रेघोटी दाखवली. खालाने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. मग पदर सावरत म्हणाली, "म्हणजे हा चौथा. पहिल्या तिघांच्या वेळी मी लई रडले होते, असं आई सांगायची."

बाईंनी विचारले, "आणि याच्या वेळी?"

खाला म्हणाली, "याच्या वेळी तुम्ही बघत होता ना."

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)